घर नको, गाडी बघा

मुंबईत नोकरी लागली की पेढे आधी वाटले जातात आणि नकाशा नंतर उघडला जातो. पगाराचा आकडा ऐकून घरात जो आनंदीआनंद होतो तो दादरच्या वन रूम किचनचं भाडं कळेपर्यंत टिकतो. मग नकाशावर बोट ठेवून माणूस उत्तरेकडे सरकू लागतो. सायन, घाटकोपर, मुलुंड, ठाणे. बोट सरकतं तसं भाडं उतरतं, आणि बोटाला गर्दीतून जावं लागत नसल्यामुळे सगळं फार सोपं वाटतं. बोट बदलापूरला टेकतं तेव्हा भाडं परवडायला लागलेलं असतं आणि सीएसएमटी ६८ किलोमीटर मागे राहिलेलं असतं.

इथून सल्ले सुरू होतात. आपल्या स्टेशनापर्यंत शहर आणि पुढच्या स्टेशनापासून गाव, हा या भागातला पक्का नियम. दादरच्या मावशीला ठाणं गावाकडचं वाटतं. ठाण्याचे काका ‘डोंबिवली? अहो, त्या गर्दीत माणूस चढतो तरी कसा?’ म्हणून हळहळतात. डोंबिवलीकरासमोर बदलापूरचं नाव काढलं की तो ‘हवा मात्र छान आहे हो तिकडची’ म्हणतो. एखाद्या जागेची याहून सभ्य निंदा अजून कुणाला जमलेली नाही. बदलापूरकर वांगणीला हसतो आणि वांगणीकर आपण निदान नेरळच्या अलीकडे आहोत यावर समाधान मानतो. पश्चिम रेल्वेवर बोरिवलीकरांनी हीच सीमा स्वतःच्या दारात आखून घेतली आहे. १८५३ साली बोरीबंदरहून निघालेली पहिली गाडी ठाण्याला जाऊन थांबली. तिने कायमचं तिथेच थांबायला हवं होतं, असं मानणारे ठाणेकर आजही भेटतात.

सल्ले संपले की एजंट लागतो. घर दाखवायची त्याची आवडती वेळ म्हणजे रविवारी दुपारी तीन. मेगाब्लॉक नसेल तर त्या वेळी डोंबिवलीच्या गाडीतसुद्धा खिडकी मिळते. रिक्षावाला हसून ‘बसा’ म्हणतो. सकाळीच टाकी भरलेली असल्यामुळे नळाला पाणी असतं आणि वरच्या मजल्यावरचा मिक्सर झोपलेला असतो. ‘साहेब, स्टेशनपासून पाच मिनिटं,’ एजंट सांगतो. तो खोटं बोलत नाही. त्याने ती मिनिटं बाइकवर मोजलेली असतात, आणि तीही रविवारी. सोमवारी पायी मोजली की त्यांची वीस होतात. जुलैमध्ये शेअर रिक्षाच्या रांगेत उभं राहून मोजली, तर तेवढ्या वेळात एजंट आणखी दोन घरं देऊन मोकळा होतो.

घरात काय बघायचं ते सगळ्यांना पाठ असतं. भिंतीला ओल, बाथरूमचा उतार, प्लग पॉइंट किती, पाणी चोवीस तास की सकाळी पाऊण तास, टँकरचे पैसे मेंटेनन्समध्ये की वेगळे. बघा, जरूर बघा. पण टोकन द्यायच्या आधी एका सोमवारी सकाळी पावणेआठला त्या स्टेशनच्या फलाटावर जाऊन उभे राहा. हे घर तुम्हाला परवडतं का, याचं उत्तर तिथे मिळतं.

इंडिकेटरवर फास्ट लागते. गाडी कर्जतची असते. म्हणजे बदलापूरला भरलेली, अंबरनाथला ठासलेली आणि कल्याणला शिगोशीग झालेली. गाडी दिसताच फलाटावर हालचाल होते. पाठीवरच्या बॅगा छातीवर येतात, इअरफोन खिशात जातात, चष्मा काढून हातात घेतला जातो. पहिली फळी गाडी थांबायच्या आत दांडा पकडते. बाहेरून आरोळी येते, ‘अरे, आत मोकळं आहे, सरका ना!’ आतून उत्तर जातं, ‘मागची घ्या, मागची रिकामी आहे!’ आत मोकळं नसतं आणि मागची रिकामी नसते, हे ओरडणाऱ्या दोघांनाही ठाऊक असतं. काही सेकंदांत गाडी हलते आणि दोन-चार माणसं अर्धी आत, अर्धी बाहेर अशी निघून जातात. तुम्ही चारशे चौरस फुटांचं घर बघायला आला होतात. त्यातली सर्वांत महत्त्वाची जागा ही, एका पावलापुरती, आणि ती अ‍ॅग्रीमेंटमध्ये लिहिलेली नसते.

९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळच्या वळणावर दारात लटकलेले प्रवासी धावत्या गाड्यांतून रुळांवर पडले आणि त्यातल्या काहींचा जीव गेला. मग चर्चा वळणाची झाली, दारांची झाली, गाड्यांच्या संख्येची झाली. ही माणसं रोज इतक्या लांबून का येत होती, हे रेल्वेला विचारण्यात अर्थ नव्हता आणि दुसऱ्या कुणाला विचारायची आपल्याकडे पद्धत नाही.

तेव्हा भाड्याने घर घेणाऱ्याने एक गोष्ट गाठीला बांधावी: स्टेशन मुंबईपासून किती लांब, यापेक्षा गाडी कुठून सुटते ते बघा. जिथून गाडी सुटते तिथे माणूस बसतो, त्यापुढे तो उभा राहतो आणि त्याच्याही पुढे लटकतो. त्यामुळे जवळचं स्टेशन लांब पडतं आणि लांबचं जवळ येतं. दिवा घ्या. ठाण्याला लागून, भाडं आटोक्यात, नकाशावर एकदम झकास. फक्त गाडीत चढायला मिळत नाही. जानेवारी २०१५ मध्ये दिव्यातली माणसं रुळांवर उतरली आणि मध्य रेल्वे ठप्प झाली. तरी जलद गाड्या तिथे थांबू लागायला डिसेंबर २०१६ उजाडला. आता गाडी थांबते. थांबलेल्या गाडीत शिरायचं कसं, हा दुसरा टप्पा अजून बाकी आहे.

मधल्या स्टेशनांवरच्या माणसांनी यावर स्वतःच तोडगा काढला: आधी उलटं जायचं. डोंबिवलीचा माणूस सकाळी कल्याण गाठतो, भाईंदरचा विरार गाठतो, तिथे सीट पकडतो आणि अर्ध्या तासाने त्याच गाडीतून बसल्या बसल्या स्वतःच्या स्टेशनावरून पुढे जातो. मुंबईला जाण्यासाठी रोज थोडं मुंबईपासून लांब जाणारी ही जमात जगात दुसरीकडे असेल असं वाटत नाही. विरारकरांना अर्थातच हे मंजूर नाही. पहाटे उठून, भाडं कमी म्हणून टोकाला राहायचं, आणि सीट भाईंदरवाल्याने उबवायची? त्यावरून सकाळी वादावादी होते, आणि संध्याकाळी विरारकर त्याचा हिशेब चुकता करतात. विरार फास्टमध्ये बोरिवलीला उतरणाऱ्याने पाय ठेवू नये, हा अलिखित कायदा आहे. लेखी नसल्यामुळे तो काटेकोर पाळला जातो.

आता जरा पैशांचं बोलू. समजा, दादरच्या बाजूला जे घर पन्नास हजारांना पडतं, तसंच बदलापूरला दहा हजारांत मिळालं. महिन्याला चाळीस हजार वाचले. आणि समजा, फोर्टातल्या ऑफिससाठी दादरकरापेक्षा तुमचे जाऊन-येऊन रोज तीन तास जास्त गेले. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर पंचाहत्तर तास. म्हणजे तासाला ५३३ रुपये. अभिनंदन, तुम्हाला दुसरी नोकरी लागली! कामाचं स्वरूप: उभं राहणे. रजा नाही, फंड नाही, बढती झालीच तर चौथ्या सीटपर्यंत. पण कमाईवर टॅक्स नाही, आणि सेकंड क्लासचा महिन्याचा पास अजून एका पिझ्झ्याच्या पैशांत निघतो. आकडा वाईट नाही. कित्येकांना पहिल्या नोकरीतही तासाला एवढे मिळत नाहीत. म्हणून तर बदलापूर भरलं.

गंमत त्याच्या पुढे आहे. बदलापूरच्या दहा हजारांतले आणखी दोन वाचवावेत म्हणून माणूस वांगणीला जातो. स्टेशन एकच पुढे, पण तिथे बदलापूर लोकल जात नाही. हातात राहतात फक्त कर्जत-खोपोलीच्या गाड्या, म्हणजे वाट बघणं आलं. रोजचा अर्धा तास वाढला असं धरा. महिन्याचे साडेबारा तास, दोन हजारांसाठी. तासाला एकशे साठ. पहिले चाळीस हजार वाचवताना तुमच्या तासाला पाचशेचा भाव होता, शेवटचे दोन हजार वाचवताना तो तिसऱ्या हिश्शावर आला. भाड्याच्या बाजारात सर्वांत महाग पडतात ते हे शेवटचे दोन हजार, आणि घासाघीस करणारा माणूस नेमका त्यांच्यासाठी जीव टाकतो.

इन्कम टॅक्सवाल्यांचा हिशेब आणखी भारी. जुन्या करपद्धतीत घरभाडे भत्त्यावरची सूट मोजताना राहतं घर मुंबईत असेल तर मूळ पगाराच्या ५० टक्क्यांपर्यंत मर्यादा असते आणि डोंबिवलीत असेल तर ४० टक्के. नोकरी कुठे आहे हे ते विचारत नाहीत, झोपता कुठे एवढंच विचारतात. मुंबईची महागाई सोसत नाही म्हणून माणूस डोंबिवलीला गेला, आणि डोंबिवलीला गेला म्हणून त्याला मुंबईची महागाई लागत नाही असं ठरलं. नवी करपद्धत घेतलीत तर ही सूटच नाही. अन्याय निदान सगळ्यांना सारखा.

हे सगळं एकट्या माणसाचं. दोघं कमावते असतील तर खरा पेच. एकाचं ऑफिस बीकेसीत, दुसरीचं ऐरोलीत. मध्य काढला तर घाटकोपर येतं. घाटकोपरचं भाडं काढलं तर मध्य सोडावा लागतो. मग बहुतेक घरांत नवऱ्याचं ऑफिस धरून स्टेशन ठरतं आणि बायकोला ‘तुला काय, एक गाडी बदलली की झालं’ असं सांगितलं जातं. एक गाडी बदलायची म्हणजे ठाण्याच्या पुलावर संध्याकाळी सात वाजता उलट्या गर्दीतून दहा नंबरकडे चालायचं, हे सांगणाऱ्याने करून बघितलेलं नसतं. रात्री साडेदहाला स्टेशनाबाहेर रिक्षा मिळते का, गल्लीतले दिवे लागतात का, हे तिने विचारलं की ‘आता फार चिकित्सा नको’ म्हणून विषय मिटतो. इतकं जुळवून घर घ्यावं, तर सहाव्या महिन्यात बीकेसीचं ऑफिस गोरेगावला हलतं. ई-मेल येतो: ‘नव्या, प्रशस्त जागेत आपलं स्वागत आहे.’ प्रशस्त त्यांच्यासाठी. तुमचा लॉक-इन अजून पाच महिने बाकी असतो.

लॉक-इनवरून अ‍ॅग्रीमेंट आठवलं. अकरा महिन्यांचं असलं की नोंदणी लागत नाही, ही समजूत महाराष्ट्रात इतकी पक्की आहे की कायद्यानेच हार मानावी. भाडे नियंत्रण कायदा, १९९९, त्याचं कलम ५५ म्हणतं की लीव्ह अँड लायसन्सचा करार लेखी हवा, नोंदवलेला हवा आणि नोंदवायची जबाबदारी मालकाची. नोंदणी केली नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरायचं, उलट सिद्ध होईपर्यंत. इतकी भाडेकरूच्या बाजूची ओळ कायद्यात आहे, म्हणून तर ती कुणी वाचून दाखवत नाही. एजंट फक्त शेवटचं वाक्य सांगतो, ‘रजिस्ट्रेशनचा खर्च पार्टीचा.’ पार्टी म्हणजे तुम्ही. एक महिन्याचं भाडं दलालीत, दोन-तीन महिन्यांचं डिपॉझिटमध्ये, आणि अकरा महिन्यांनी ‘रिन्यूअल’ म्हणून पुन्हा दलाली. घर तेच, कुलूप तेच, तुम्हीही तेच. एजंटने दुसऱ्यांदा काय दाखवलं, हे विचारू नये.

मग सोसायटी. नोकरीच्या मुलाखतीला एवढे प्रश्न विचारले नव्हते. फॅमिली की बॅचलर, व्हेज की नॉनव्हेज, गावाकडून पाहुणे किती येतात. आडनाव विचारत नाहीत, फक्त ‘पूर्ण नाव?’ असं दोनदा म्हणतात. भाडेकरू ठेवणाऱ्या सभासदाकडून नॉन-ऑक्युपन्सी चार्ज घ्यायचा, तो सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांवर जाता कामा नये, हे २००१ सालापासून ठरलेलं आहे. सेक्रेटरींना मात्र तीच रक्कम कमी पडते. उरलेला चार्ज ते तोंडी वसूल करतात: भाडेकरूंनी गाडी बाहेर लावावी, भाडेकरूंनी सामान लिफ्टने नेऊ नये, भाडेकरूंनी गणपतीची वर्गणी मात्र वेळेवर द्यावी.

एवढं सोसून माणूस टिकतो तो एका आशेवर: मेट्रो येतेय. मेट्रोचं एक वैशिष्ट्य आहे, तिच्या गाडीआधी तिचं भाडं येतं. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोचं भूमिपूजन डिसेंबर २०१८ मध्ये झालं. रस्त्यात खांब उभा राहिला की शेजारच्या इमारतीत ‘मेट्रो व्ह्यू’ लागतो, घरमालक पुढच्या करारात हजार-दोन हजार वाढवतो. तुम्ही खांबाचं भाडं भरत राहता आणि ट्रॅफिकमध्ये त्याच खांबाला वळसा घालून स्टेशन गाठता. उलव्याला सांगतात, ‘अटल सेतूने शिवडी वीस मिनिटं.’ खरं आहे. जानेवारी २०२४ मध्ये पूल खुला झाला, २१.८ किलोमीटर, अप्रतिम. कारला एका फेरीचा टोल २५० रुपये. जो रोज एवढा टोल भरू शकतो तो उलव्याला भाड्याने का राहील, याचा विचार जाहिरात लिहिणाऱ्याने केलेला दिसत नाही.

पाऊस राहिलाच. उल्हास नदीचा बदलापूरशी जुना घरोबा आहे. जुलै २०१९ मध्ये बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली, हजारावर प्रवासी बोटींनी बाहेर काढावे लागले. त्या वेळी नदीलगतच्या इमारतींच्या तळमजल्यांतही पाणी होतं. एजंटने त्यानंतर एकच फरक केला: ‘नदीकाठी’ ऐवजी ‘रिव्हर टच’ म्हणायला लागला, आणि भाडं वाढवलं.

माणसं कामापासून इतक्या लांब का गेली, हे कुणाला ठाऊक नाही असं नाही. गिरण्या होत्या तेव्हा कामगार लालबाग-परळच्या चाळींत दाटीवाटीने राहायचा, एका खोलीत दहा-दहा जण, पण भोंगा झाला की चालत कामावर जायचा. १९८२ च्या संपानंतर गिरण्या संपल्या, त्यांच्या जागेवर काचेची ऑफिसं उभी राहिली. त्या ऑफिसात आज कामाला येतो तो गिरणी कामगाराचा नातू, आणि येतो डोंबिवली-बदलापूरहून. आजोबांच्या हक्काच्या घराचा प्रश्न अजून भिजत पडलाय. सरकारने त्यांच्यासाठी घरं काढली ती शेलू आणि वांगणीला. जुलै २०२५ मध्ये म्हातारे कामगार आझाद मैदानात येऊन बसले आणि घरं मुंबईतच द्या म्हणाले. गिरणीच्या जमिनीवर कामगार सोडून सगळे मावले.

यावरचा एक उपायही साठ वर्षांपूर्वी कागदावर आला होता. १९६५ मध्ये चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडे नवं शहर सुचवलं. माणसांनी कामाकडे रोज धावण्यापेक्षा कामंच तिकडे न्यावीत, असा साधा विचार. १९७० मध्ये सिडको आलं, नवी मुंबई उभी राहिली. कांदे-बटाटे वाशीच्या बाजारात गेले, लोखंड कळंबोलीला गेलं. मंत्रालय मात्र समुद्राची हवा सोडून हललं नाही, आणि शेजारी भराव घालून नरिमन पॉइंट वाढवला गेला. कांद्याला नवं शहर मानवलं, साहेबांना नाही. म्हणून खारघरचा माणूस पाच दशकांनंतरही सकाळी सीएसएमटीच्या गाडीत उभा आहे.

मुंबईला परवडणारी घरं बांधावी लागत नाहीत, याचं कारण पनवेल, विरार आणि बदलापूरची माणसं स्वतःचे तीन तास घालून ती तूट भरून काढतात. शहराच्या कुठल्याही अर्थसंकल्पात ही रक्कम दिसत नाही. तेव्हा घर शोधताना शरमू नका, घासाघीस करा, गाडी सुटते ते स्टेशन धरा आणि शेवटच्या दोन हजारांचा मोह सोडा. आणि वर्षअखेरीला पावत्या गोळा करताना एक करून बघा. मालक भाडं घेतो, त्याच्याकडे पावती मागा. वर्षाचं भाडं लाखावर गेलं की पॅन द्यावा लागतो, म्हणून तो जरा कुरकुरेल, पण देईल. कंपनीलाही रोजच्या तीन तासांची पावती मागा. एचआरची बाई फार गोड बोलते. ती सांगेल, ‘सर, त्याचं काहीच डिडक्शन होत नाही. बाय द वे, आज तुम्ही सात मिनिटं लेट आहात.’